सत्तावीस नंबरचा रुमाल

पडदा वर जातो तेव्हा आधी माणसं दिसत नाहीत, आधी उजेड दिसतो. द्वारका चौकाजवळच्या एका लग्नाच्या हॉलची तीन शटरं खडखडत वर गेली आणि सकाळी नऊचं ऊन चाळीस टेबलांवर आडवं पडलं. चार रांगा, रांगेत दहा टेबलं. प्रत्येकावर पांढरं झालरीचं कापड, आदल्या दिवशीच्या लग्नातलंच. एखाद्या झालरीत अजून अक्षतांचे दाणे अडकलेले. मागच्या भिंतीवरची 'शुभविवाह' ही थर्माकोलची अक्षरं अर्धी उतरली होती आणि उरलेल्या 'विवाह'वर एका मुखवटेवाल्या वीराचं बॅनर चढत होतं. बाहेर चौकात ट्रकांचे हॉर्न, आत पंख्यांची घरघर. आणि या सगळ्याच्या मधोमध, नाटकात जिथे नायक उभा करतात त्या जागी, सहादू मास्तर.

वय बाहत्तर. खाकी पँट, पांढरा फुल बाह्यांचा शर्ट, पायात जुन्या पद्धतीच्या चामडी चपला. हातात तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा. आता तिकिटांना चिमट्यानं भोक पाडत नाहीत, पण मास्तरांच्या बोटांना ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. बोलायच्या आधी ते चिमटा दोनदा वाजवत, टक् टक्, आणि हॉलभर माना वळत. नाटकाच्या तिसऱ्या घंटेला जो मान असतो, तोच त्या आवाजाला होता.

हा मेळावा कॉमिकवाल्यांचा. चित्रकथा काढणारी, स्वतःच्या खर्चानं छापणारी, पोस्टरं, खेळण्यातले वीर, टी-शर्ट विकणारी माणसं दोन दिवस इथे टेबलं मांडतात. निळी तोंडं रंगवलेली, पाठीवर पंख बांधलेली कॉलेजची पोरंपोरी रांगांमधून हिंडतात. कागदावर ही मंडळी सगळं जग वाचवतात. त्यांचं वैर असतं ते फक्त शेजारच्या टेबलाशी. कुणाचं बॅनर कुणाच्या डोक्यावर आलं, कुणाची पेटी कुणाच्या पायात आली. पहिल्याच वर्षी दोघांनी एकमेकांची पोस्टरं फाडली होती. तेव्हा आयोजक महेशला आपल्या सायखेड्याच्या मामांची आठवण झाली. ज्या माणसानं तीस वर्षं सटाणा गाडीत कंडक्टर म्हणून जागेची भांडणं मिटवली, त्याला चाळीस टेबलं काय जड?

आणि खरंच जड गेली नाहीत. मास्तरांचा कायदा साधा. कापडाची कड ती हद्द. खाली पाय आणि वर बॅनर, दोन्ही हद्दीतच. त्या सकाळीही त्यांचं काम तिथूनच सुरू झालं. खेळणी विकणाऱ्या सनीनं पुठ्ठ्याचा एक सात फुटी यंत्रमानव उभा केला होता आणि त्याचा एक हात शेजारच्या बाईंच्या टेबलावर दीड फूट आत गेला होता.

टक् टक्.

"सनीशेठ, ह्या पाव्हण्याचं तिकीट काढलंय का?"

"मास्तर, तो पोज देतोय. हात असाच असतो त्याचा."

"हात खिडकीच्या बाहेर काढू नये, असं गाडीत लिहिलेलं असतं. पाव्हण्यानं वाचलं नसंल. तुम्ही वाचून दाखवा."

रांग हसली. सनीही हसला आणि यंत्रमानव वळवून भिंतीकडे तोंड करून उभा केला. पोरगा वाईट नव्हता. जागेची हाव कुणाला नसते?

तेवढ्यात महेश घाईघाईनं आला. त्याच्यामागे एक पंचविशीतली मुलगी, दोन्ही हातांत सुतळीनं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे. सुतळी बोटांत रुतून बोटं पांढरी पडली होती.

"मामा, ही स्नेहल. सटाण्याहून आलीय, पहाटेच्या गाडीनं. हिनं मैत्रिणीबरोबर निम्मं टेबल घेतलं होतं. मैत्रिणीनं परवा रद्द केलं आणि आमच्याकडून आख्खं टेबलच दुसऱ्याला गेलं. चूक माझीच आहे."

"मग?"

"मग एकच टेबल रिकामं आहे, सत्तावीस. यादीत तिथे कुणाचं नाव नाही. पण कुणीतरी रुमाल टाकून ठेवलाय. तेवढा उचला आणि हिला बसवा. अकराला गेट उघडायचंय."

स्नेहल हळूच म्हणाली, "काका, अकरा ते बारा एवढ्याच वेळात प्रकाशक येणार आहेत. मुंबईचे. 'तुमच्या टेबलावर भेटू' म्हणालेत. तीन वर्षं काढलंय हे पुस्तक. टेबलच नसलं तर ते मला शोधणार कुठे?"

"शोधायला कशाला लागतंय? चला," म्हणत मास्तर तिसऱ्या रांगेकडे निघाले. चिमटा वाजवत, रुबाबात. आणि सत्तावीस नंबरपाशी त्यांचे पाय थांबले.

रुमाल निळ्या चौकड्यांचा होता. चार घड्या घातलेला. एका कोपऱ्याला गाठ.

वर पंखा फिरत होता. दोन्ही बाजूंच्या टेबलांवरचे कागद फडफडत होते, टेबलाची झालरसुद्धा हलत होती. रुमालाचा कोपरा हलत नव्हता.

"मामा, रुमालच आहे तो," महेश म्हणाला. "साप नाही."

मास्तरांनी पुढे केलेला हात तसाच मागे घेतला. हा रुमाल त्यांनी आधी एकदा उचलला होता.

बत्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दिवाळीची गर्दी, जुन्या स्टँडवर सटाणा गाडी लागलेली. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हा आपल्याकडचा रिवाज. बाकाच्या फळीवर रुमाल पडला की ती जागा त्या माणसाची. मागून राजा आला तरी उभा राहतो. पण त्यालाही मुदत असते. सुटायची घंटी झाली आणि मालक आला नाही, तर रुमाल म्हणजे नुसतं कापड. सत्तावीस नंबरच्या जागेवर निळ्या चौकड्यांचा रुमाल होता, गाठ मारलेला, आणि त्याच्याजवळ साळूबाई नावाची एक म्हातारी गाठोडं पोटाशी धरून उभी होती. ती त्यांची नेहमीची पॅसेंजर. मास्तरांनी पाच मिनिटं वाट पाहिली. मग रुमाल उचलून खिशात घातला, म्हातारीला बसवलं आणि दोरी ओढली. टण् टण्.

गाडी फाटकातून वळली आणि मागून हाक आली, "मास्तर, थांबा. माझी जागा हाय आत."

हाक त्यांनी ऐकली. आधीच उशीर झाला होता, पायरीवर माणसं लोंबकळत होती. एक घंटी मारली असती तर गाडी थांबली असती. त्यांनी मारली नाही. मागच्या काचेतून पाहिलं, तर रस्ता रिकामा होता. दिवाळीच्या दुपारी, स्टँडच्या फाटकापाशी, एक माणूस नाही.

शहर मागे पडल्यावर त्यांनी तिकिटं मोजली. त्रेपन्न. मग डोकी मोजली. चोपन्न.

फुकट्या कोण म्हणून ते एकेकाला विचारत मागपर्यंत गेले. ज्याच्या तोंडाकडे बघावं त्याच्या हातात तिकीट होतं. प्रत्येक चेहरा ओळखीचा, प्रत्येकाचं तिकीट बरोबर, आणि पुन्हा मोजलं की चोपन्न. वाटेत तपासनीस चढले. त्यांनी मोजली त्रेपन्न आणि 'छान' म्हणून उतरले. घरी येऊन मास्तरांनी खिशात हात घातला, तर रुमाल नव्हता.

त्या दिवसापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत, प्रत्येक फेरीत, डोकी एक जास्त. मास्तर कागदावर तिकिटांचा आकडा लिहीत आणि गप्प बसत. पुन्हा कधी त्यांनी कुणाचा रुमाल उचलला नाही. जागा रिकामी जाऊ दिली, लोकांच्या शिव्या खाल्ल्या. ही गोष्ट फक्त बायकोला, विमलाबाईंना, माहीत होती. ताट वाढता वाढता त्या एकदाच बोलल्या, "एक जास्तच भरतोय ना? कमी तर नाय ना भरत? मग जेवा." त्यांना जाऊनही आता चार वर्षं झाली होती.

निवृत्तीनंतर तो आकडा सुटला असं मास्तरांना वाटलं होतं. गावच्या पंगतीत ते मुद्दाम पानं मोजत. पानं बरोबर भरत. पण महेशच्या मेळाव्यात ते आले त्या पहिल्या वर्षी गेट उघडायच्या आधी त्यांनी सवयीनं विक्रेत्यांची डोकी मोजली. गळ्यातले बिल्ले एकाहत्तर, डोकी बहात्तर. दुसऱ्या वर्षीही एक जास्त. जिथे ते जागा वाटत, तिथे तो येत होता.

आज पहिल्यांदा त्यानं रुमाल टाकला होता.

"मास्तर, साडेदहा झाले," सनी यंत्रमानवाला टेकून म्हणाला. "रुमाल टाकून जागा धरायला ही काय सटाणा गाडी आहे? उचलून फेका ना यार. पोरगी ताटकळलीय."

"असू दे," मास्तर म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. "ज्याची जागा हाय त्याची हाय."

"अहो, पण त्याचं नाव यादीत नाही," महेश वैतागला. "मामा, हिचं तीन वर्षांचं काम आहे. तुम्ही एका रुमालापायी..."

"महेशदादा, राहू द्या," स्नेहल मध्येच बोलली. तिनं गठ्ठे खाली ठेवून वरचं पुस्तक काढलं, छातीशी धरलं. डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "मी उभी राहते. इथेच, खांबाजवळ. दोन दिवस उभी राहीन. मला चालेल."

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. उभी राहीन. बत्तीस वर्षं त्यांनी हिशेब केला होता तो आकड्याचा. चोपन्नावा कोण, याचाच विचार केला. तो उभा आहे, हे कधी मनात आलं नव्हतं. आपण त्याची जागा दुसऱ्याला दिली, आणि तेव्हापासून तो उभा आहे. सटाण्यापर्यंत उभा, परत येताना उभा, हजारो फेऱ्या उभा, या हॉलमध्येही दोन वर्षं दोन्ही दिवस उभा.

आणि त्या दिवशी काय अडलं होतं? दोघांच्या फळीवर तिघं बसतात. चार बोटं इकडे, चार बोटं तिकडे. म्हातारीही बसली असती आणि तोही बसला असता. रोज शंभरदा तोंडात असलेला एक शब्द, 'सरका', त्या दिवशी घाईत राहून गेला होता.

टक् टक्. सबंध हॉलच्या माना वळल्या.

"तिसरी रांग, ऐका," मास्तर म्हणाले. "दोन टेबलांमध्ये तुम्ही फूटभर फट ठेवलीय. दहा टेबलं, नऊ फटी. प्रत्येकानं चार बोटं सरकायचं. पहिलं टेबल भिंतीला लावा. शेवटी खांबाजवळ सव्वादोन फूट निघतील. चहाचं छोटं टेबल तिथं मावतंय. ही पोरगी तिथं बसंल. सत्तावीसवरचा रुमाल जसा हाय तसा राहील."

"मी नाही सरकणार," सनी म्हणाला. त्याचं टेबल सत्तावीसच्या अगदी शेजारी, सव्वीस. "फटीतून मला आत-बाहेर जायचं असतं. शेजारी आख्खं टेबल रिकामं पडलंय आणि आम्ही पोट आत घेऊन बसायचं? द्या इकडे, मीच उचलतो तो रुमाल."

मास्तर 'नको' म्हणेपर्यंत त्यानं हात घातला होता. बोटं रुमालावर टेकली आणि तशीच राहिली. मग त्यानं हात अलगद काढून घेतला, जसा झोपलेल्या माणसाच्या अंगावरून काढावा.

"काय झालं?" महेशनं विचारलं.

"काही नाही." सनी आपली बोटं शर्टाला पुसत होता. "गरम आहे. आत्ता कुणीतरी उठून गेल्यासारखी जागा गरम आहे."

पंखा फिरत राहिला. सनीनं वाकून आपल्या टेबलाचे दोन पाय उचलले.

"मास्तर," तो खाली बघत म्हणाला, "चार बोटं म्हणालात ना? मी सहा सरकतो."

मग रांग सरकली. भिंतीपासून एकेक टेबल करकरत सरकत आलं. सत्तावीस मात्र मास्तरांनी आणि महेशनं दोन्ही कडांना धरून, रुमालाला धक्का न लावता, देव हलवावा तसं हलवलं. महेश नंतर म्हणाला की रिकाम्या टेबलाला एवढं वजन नसतं. खांबाजवळ सव्वादोन नाही, चांगले अडीच फूट निघाले. चहाचं टेबल आलं, त्याच्यावर स्नेहलनं आईची साडी अंथरली आणि पुस्तकं रचली. मग कोपऱ्यात वळून तिनं फोन लावला आणि घरच्या बोलीत म्हणाली, "आई, जागा शे. चिंता नको करू."

अकराला गेट उघडलं. प्रकाशक साडेअकराला आले, जाड चष्म्याचे, घामेजलेले. त्यांनी उभ्या उभ्याच पंधरा पानं वाचली, मग म्हणाले, "बसायला काही आहे का? हे बसून वाचावं लागेल." स्नेहलनं स्वतःची खुर्ची दिली. ते उठले तेव्हा तिचा नंबर, पत्ता आणि पुढच्या सोमवारची वेळ त्यांच्या वहीत होती.

बाकीचा दिवस मेळाव्यासारखाच गेला. फक्त सत्तावीससमोरून जाणारी माणसं थोडी वळसा घालून जात होती, समोर कुणी गिऱ्हाईक उभं असावं तशी. आणि रविवारी दुपारी स्नेहल डबा खाऊन परतली, तर तिच्या पुस्तकाची एक प्रत सत्तावीसवर उघडी पडली होती, रुमालाच्या शेजारी. पान उलटलं. वाऱ्यानं असेल, असं तिला वाटलं. पण वारा भराभर पानं उलटतो. हे पान उलटल्यावर थांबलं. एक पान वाचायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबलं. मग पुढचं उलटलं. ती ओरडली नाही. आपल्या जागी बसली आणि शेवटच्या पानापर्यंत तिकडे बघितलं नाही.

"काका, शेजारी कोण आहे?" तिनं नंतर मास्तरांना विचारलं.

"जुना पॅसेंजर हाय," मास्तर म्हणाले. "त्रास देत नाय."

रविवारी पाचला मेळावा संपला. नाटक उतरवतात तशी माणसं हॉलभर पांगली. बॅनर उतरलं आणि त्याच्याखालून पुन्हा 'विवाह' बाहेर आलं. मांडववाल्यांनी टेबलं मिटायला घेतली. सत्तावीस उचलायला दोघे आले तेव्हा मास्तर जवळ जाऊन उभे राहिले. टेबलावर काही नव्हतं. मांडववाल्यानं ते एका हातानं उचललं आणि नेलं.

मास्तरांनी चिमटा खिशात टाकला आणि शेवटचं एकदा मोजायला घेतलं. रांगेनं, बोट न दाखवता, ओठ हलवत. बिल्ले शहात्तर. डोकी शहात्तर. पुन्हा मोजलं. शहात्तर.

त्यांनी जागा वाटल्या तिथली डोकी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा बरोबर भरली होती. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता ते टेकायला जागा शोधू लागले. सगळ्या खुर्च्या भिंतीपाशी थप्पीला गेल्या होत्या. सत्तावीसच्या जागची एकच उरली होती, मोकळ्या फरशीवर. तिच्यावर ते बसले. घाम पुसायला त्यांनी खिशात हात घातला.

स्नेहल निघायच्या आधी त्यांच्यासाठी चहा घेऊन येत होती. तिनं दहा पावलांवरून पाहिलं. मास्तरांच्या हातात निळ्या चौकड्यांचा रुमाल होता, कोपऱ्याला गाठ मारलेला. ते त्याच्याकडे बराच वेळ बघत होते, हरवलेली वस्तू स्वतःच्याच खिशात सापडावी तसे. मग ते खुर्चीच्या एका कडेला सरकले, अगदी अर्धी खुर्ची मोकळी होईपर्यंत. मोकळ्या अर्ध्या भागावर त्यांनी रुमाल नीट पसरून ठेवला, वरून हात फिरवला आणि मान वर करून उघड्या शटरकडे पाहिलं. बाहेर चौकातलं ऊन होतं, दारात कुणी नव्हतं. त्यांचं तोंड मात्र ओळखीचं माणूस दिसल्यासारखं उजळलं.

त्या खुर्चीवरूनच त्यांना दवाखान्यात नेलं. पुढे तीन दिवस ते तिथे होते, पण बोलले नाहीत. चौथ्या दिवशी गेले. दहाव्याला सायखेड्याच्या घाटावर महेशनं स्नेहलला बाजूला घेऊन विचारलं, की मामा शेवटचं काय बोलले ते तूच ऐकलंस, नक्की काय म्हणाले? ती म्हणाली, फार काही नाही. मी चहा घेऊन जवळ पोहोचले, पण ते माझ्याशी बोलत नव्हते. दाराकडे बघून एवढंच म्हणाले:

"या पाव्हणं, जागा धरून ठेवली हाय."